झारच्या रशियात पक्ष काढायलाच बंदी होती, मग इतके पक्ष आले कुठून?

रानजाई :

नमस्कार मंडळी. लातूरला एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी माझ्या वाट्याला "रशियातील क्रांतिकारी पक्षांचा उदय, १८६१ ते १९१४" हा विषय आलाय. नोट्स भरपूर आहेत, पण सगळी नावांची आणि सनावळ्यांची माळ. झेम्ल्या इ वोल्या, नरोदनाया वोल्या, चोर्नी पेरेदेल, बुंड, सोशल डेमोक्रॅट, मग त्यांचे बोल्शेविक-मेन्शेविक, सोशलिस्ट रिव्होल्युशनरी. पाठ होईल, कळत मात्र नाही.

माझी अडचण अशी. १९०५ च्या ऑक्टोबरपर्यंत रशियात राजकीय पक्षाला कायद्याने जागाच नव्हती. सभा नाही, निवडणूक नाही, वर्गणीची पावती नाही. पकडलं की सैबेरिया. अशा देशात "पक्ष" म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? माणूस त्याचा सभासद कसा व्हायचा? पीटर्सबर्गच्या कामगाराला दूर जॉर्जियातल्या तिफ्लिसमधला आपला माणूस कोण हे कळायचं कसं? गाइडमध्ये "दडपशाहीमुळे असंतोष वाढला" एवढं एकच वाक्य आहे. असंतोष तर सगळीकडेच असतो. असंतोषाचा पक्ष कसा झाला, हे कुणी समजावून सांगेल का?

तिरकस_तात्या :

फार खोलात जाऊ नका. १८८७ मध्ये लेनिनच्या थोरल्या भावाला झारच्या खुनाच्या कटात फाशी झाली, धाकट्याने सूड घेतला. पुढचं सगळं तपशील. सेमिनार पाच मिनिटांत संपेल, चहा गरम मिळेल.

जुना_खिळेजुळारी :

तात्या, सूडाची गोष्ट सिनेमाला बरी. अलेक्सांद्र उल्यानोव फाशी गेला तेव्हा धाकटा सतरा वर्षांचा होता, आणि रशियात पक्ष बांधायच्या खटपटीला तोवर बरीच वर्षं होऊन गेली होती.

रानजाई, तुमचा प्रश्न नेमका आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी प्राध्यापक नाही. सोलापुरात छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात माझी उमर गेली. ऑफसेट आलं तेव्हा आमच्या केसमधले खिळे मालकाने शिशाच्या भावाने विकले. त्या काळी मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं फार स्वस्तात मिळायची, बांधणी अशी की पान सुटायचं नाव नाही. त्यातलं राजकारण वाचायच्या आधी मी छपाई बघायचो, खोड आहे ती. वाचता वाचता असं दिसलं की या सगळ्या हकिगतींत एक पात्र जिथेतिथे हजर असतं आणि त्याच्याबद्दल कुणी धड बोलत नाही. ते म्हणजे छापखाना.

आधी पक्ष आणि मग त्याचं मुखपत्र, हा क्रम आपल्या डोक्यात असतो. रशियात बऱ्याचदा तो उलटा होता. आधी छापायची सोय, तिच्याभोवती माणसं, आणि त्या माणसांच्या जाळ्याला पुढे पक्ष हे नाव. (तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या देतोय, आपल्यापेक्षा बारा-तेरा दिवस मागे.)

१८७४ च्या उन्हाळ्यात शिकलेली पोरंपोरी शेतकऱ्यांचे कपडे घालून खेड्यांत गेली, हे तुमच्या नोट्समध्ये असेलच. त्यांच्या गाठोड्यातल्या पुस्तिकांपैकी काही मॉस्कोत इप्पोलित मिश्किनच्या छापखान्यात तयार होत होत्या. मिश्किन पेशाने लघुलेखक. छापखाना राजरोस, पण आतल्या अंगाला बंदी असलेला मजकूर जुळवला जायचा, आणि जुळवणाऱ्या बऱ्याचशा मुली होत्या. धाड पडल्यावर हा परदेशी निसटला. पुढच्या वर्षी पोलीस अधिकाऱ्याच्या गणवेशात थेट याकुतियातल्या विल्युइस्कला पोचला, तिथे हद्दपार असलेल्या चेर्निशेव्हस्की या लेखकाला सोडवायला. म्हणतात की गणवेशावरचा गोफ त्याने चुकीच्या खांद्यावर लावला होता आणि तिथल्या अधिकाऱ्याला संशय आला. सगळा मजकूर बिनचूक, चूक राहिली ती मथळ्यात. पकडला गेला, १९३ जणांच्या खटल्यात कोर्टाला हादरवणारं भाषण केलं आणि १८८५ मध्ये श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात त्याला गोळ्या घातल्या.

खेड्यांत गेलेल्यांचं काय झालं? काही ठिकाणी शेतकऱ्यांनी ऐकून घेतलं, काही ठिकाणी स्वतःच पोलिसांत दिलं. हजारो पोरं जमली, पण त्यांच्यामागे कुठलीच घडी नव्हती. त्या फजितीतून १८७६ मध्ये झेम्ल्या इ वोल्या निघाली, नियम असलेली, कामं वाटून घेतलेली, स्वतःचा गुप्त छापखाना असलेली. १८७९ मध्ये तिचे दोन तुकडे झाले. झारला मारूनच वाट मोकळी होईल म्हणणारे नरोदनाया वोल्यात गेले. खेड्यांतच काम करू म्हणणारे चोर्नी पेरेदेलमध्ये, त्यात प्लेखानोव होता.

आता तुमचा "प्रत्यक्षात काय होतं" हा प्रश्न. पीटर्सबर्गच्या सापेर्नी गल्लीत नरोदनाया वोल्याचा छापखाना होता. बाहेरून बघाल तर एक सभ्य कुटुंब भाड्याने राहतंय. निकोलाय बुख आणि सोफिया इवानोव्हा खोट्या पासपोर्टवर नवरा-बायको म्हणून, घरात एक मोलकरीण, तीही संघटनेतलीच. इमारतीचा राखणदार पोलिसांना खबर देणार हे ठरलेलं, म्हणून त्याला दिसेल असा संसार मांडायचा. मोठं यंत्र ठेवता येत नाही, खडखडाट होतो. तेव्हा एक चौकट, खिळ्यांच्या पेट्या, रूळ, शाई, ब्रश. दारावर थाप पडली तर कपाटात लपेल एवढाच पसारा. खिळे यायचे राजरोस छापखान्यांतून, आमच्यासारख्यांच्या खिशातून, मूठमूठ. कागद एका दुकानातून जास्त घ्यायचा नाही. पाहुणे नाहीत, खिडकीत उभं राहणं नाही. ज्याने आठ तास उभ्याने खिळे जुळवलेत त्यालाच कळेल की बंद खिडकीत, रॉकेलच्या दिव्याखाली, शिशाच्या वासात महिनोन्महिने हे करणं काय असतं. १८८० च्या जानेवारीत एका रात्री पोलीस आले. आतल्यांनी गोळ्या झाडत दार धरून ठेवलं, ते कागद जाळायला वेळ मिळावा म्हणून. लुबकिन नावाच्या जुळाऱ्याने पकडलं जाण्याऐवजी स्वतःवर गोळी झाडली. चोर्नी पेरेदेलचा छापखानाही त्याच महिन्यात गेला, आणि तो आमच्याच धंद्यातल्या एका जुळाऱ्याने फितूर होऊन दाखवला. हेही सांगायला हवं.

या एका खोलीसाठी लागणारी माणसं मोजा. पासपोर्ट बनवणारा, भाडं देणारा, कागद आणणारा, लिहिणारा, जुळवणारे, छापलेलं बाहेर नेणारी, आपल्या घरी गठ्ठा ठेवून घेणारा डॉक्टर किंवा वकील, गावोगावी पोचवणारा रेल्वेवाला. प्रत्येकाला ठरलेलं काम, आणि एकाला दुसऱ्याबद्दल हवं तेवढंच माहीत. तुम्ही विचारलेला सभासद म्हणजे हा. पावती नाही, काम आहे.

१ मार्च १८८१ ला कॅथरीन कालव्यावर अलेक्सांद्र दुसरा मारला गेला. रिसाकोवचा पहिला बाँब चुकला, ग्रिनेवित्स्कीच्या दुसऱ्याने झारही गेला आणि तो स्वतःही. पुढचं फार कमी लोक वाचतात. दहाच दिवसांत कार्यकारी समितीने नव्या झारला उद्देशून पत्र छापून वाटलं. मागण्या दोन : राजकीय कैद्यांना माफी, आणि सगळ्या जनतेतून निवडलेली सभा. ती निवडणूक खरी व्हावी म्हणून छपाईचं, भाषणाचं, सभेचं स्वातंत्र्य द्या. एवढं केलंत तर आम्ही शस्त्रं खाली ठेवतो. मागण्या बघा, आज कुठल्याही घटनेत सापडतील. उत्तर म्हणून ३ एप्रिलला पाच जण फासावर गेले, त्यांत सोफिया पेरोव्हस्काया होती. तिचे वडील एके काळी पीटर्सबर्गचे गव्हर्नर होते.

पुढच्या दोन-तीन वर्षांत पोलिसांनी नरोदनाया वोल्या मोडून काढली. प्लेखानोव जिनिव्हात. १८८३ मध्ये तिथे त्याने श्रममुक्ती गट काढला. माणसं पाच. त्यांत व्हेरा झासुलिच होती. तिने १८७८ मध्ये पीटर्सबर्गच्या गव्हर्नरवर, एका कैद्याला फटके मारले म्हणून, गोळी झाडली होती आणि ज्युरीने तिला निर्दोष सोडलं होतं. या पाच जणांकडे मार्क्सवाद होता आणि छापायची सोय होती. गंमत म्हणजे मार्क्सचा 'कॅपिटल' रशियात १८७२ मध्येच राजरोस छापला गेला होता. सेन्सॉरने सोडला, कारण इतकं अवघड पुस्तक वाचणार कोण आणि कळणार कुणाला, असा त्याचा हिशेब.

माझा सगळ्यात आवडता तपशील लाख्ताच्या छापखान्याचा. लाख्ता हे पीटर्सबर्गजवळचं गाव. १८९५-९६ मध्ये तिथे नरोदनाया वोल्याच्या उरल्यासुरल्या गटाचा छापखाना चालू होता. त्यांनी छापली कुणाची पुस्तिका? लेनिनची, कारखान्यांतल्या दंडाच्या कायद्यावरची. म्हणजे कागदावर भांडणारे नरोदनिक (शेतकऱ्यांवर भिस्त ठेवणारे) आणि मार्क्सवादी, पण छापायला एकाच दारात. कव्हरवर गाव घातलं खेरसन, आणि वर "सेन्सॉरची परवानगी" असंही छापून टाकलं! क्रांती, समाजवाद असले मोठे शब्द त्यात नाहीत. उशीर झाला तर मालक किती कापू शकतो, खराब मालाचे किती, दंडाचे पैसे कुणाच्या खिशात जातात, एवढंच. पुढच्याच उन्हाळ्यात पीटर्सबर्गच्या कापडगिरण्यांत तीसएक हजार कामगार संपावर गेले. सुरुवात झाली ती राज्याभिषेकाच्या सुट्टीचा पगार कापला म्हणून. १८९७ मध्ये सरकारला साडेअकरा तासांच्या दिवसाचा कायदा करावा लागला. असंतोषाचा पक्ष कसा होतो, विचारलंत ना? दंडाच्या हिशेबापासून होतो.

विल्नामध्ये १८९७ ला ज्यू कामगारांचा बुंड निघाला, यिद्दिश पत्रकं आणि संपनिधी दोन्ही असलेला. पुढच्या मार्चमध्ये मिन्स्कला एका रेल्वे कामगाराच्या घरी नऊ जण जमले आणि रशियन सोशल डेमोक्रॅटिक लेबर पार्टी स्थापन झाली. जाहीरनामा लिहिला पीटर स्त्रुव्हेने (जो पुढे उदारमतवादी झाला), छापला बुंडच्या बोब्रुइस्कच्या छापखान्यात. काही आठवड्यांत नवापैकी बहुतेक आत, जुलैत तो छापखानाही गेला. पक्षाचा दाखला निघाला, पक्ष मात्र कोठडीत. मॉस्कोच्या पुस्तकांत बुंडचा हा वाटा दोन ओळींत उरकलेला असतो, तिथे सावध राहा.

आता 'इस्क्रा', सोशल डेमोक्रॅटांचं परदेशात छापलं जाणारं वृत्तपत्र. पहिला अंक डिसेंबर १९०० मध्ये लाइपझिगला निघाला, मग म्युनिक, मग लंडन, मग जिनिव्हा. सहा संपादक : प्लेखानोव, ॲक्सेलरोद, झासुलिच, लेनिन, मार्तोव, पोत्रेसोव. पातळ कागद, बारीक टाइप, दुहेरी तळाच्या पेट्या. लेनिनने लिहूनच ठेवलं होतं की वृत्तपत्र नुसतं प्रचार करत नाही, तेच संघटना उभी करतं. ही कल्पना कागदी वाटते, पण एक अंक लंडनहून बाकूला पोचवायला जे जे लागेल ते जोडत जा, नकाशावर पक्षच उभा राहतो. लेनिनची बायको क्रुपस्काया अदृश्य शाईची पत्रं उकलत बसायची. कुठल्या गावात कोण, ते तिच्या वहीत. पीटर्सबर्गच्या कामगाराला तिफ्लिसचा माणूस माहीत नसायचा. दोघांनाही ठाऊक असायचा तो परदेशातला एक पत्ता.

इस्क्राचे खिळे जुळवायचा ब्लुमेनफेल्ड. नुसता जुळारी नव्हे, मालाचा गठ्ठा घेऊन सरहद्दही ओलांडायचा. १९०२ मध्ये पकडला गेला आणि त्याच ऑगस्टमध्ये कीवच्या तुरुंगातून जे कैदी दोराच्या शिडीने भिंत चढून पळाले त्यांच्यात हाही होता. पुस्तकांत त्याचं नाव तळटीपेत असतं. मला राग येतो.

रशियाच्या आत बाकूमध्ये लादो केत्सखोवेलीचा "नीना" नावाचा छापखाना होता. यंत्र विकत घ्यायला परवाना लागायचा, तो त्याने गव्हर्नरच्या नावाने स्वतःच तयार केला. तिफ्लिसला आव्लाबार भागात एका घराखाली खोली खणली होती, वाट विहिरीतून. १९०६ पर्यंत तिथे जॉर्जियन, रशियन आणि आर्मेनियन मजकूर निघत राहिला.

१९०३ ची फूट याच नजरेने बघा. ब्रुसेल्सला सुरू झालेलं आणि पोलिसांमुळे लंडनला हलवलेलं दुसरं अधिवेशन. भांडणाचा पहिला मुद्दा, सभासद कुणाला म्हणायचं? लेनिन म्हणाला, जो पक्षाच्या एखाद्या शाखेत स्वतः काम करतो तो. मार्तोव म्हणाला, शाखेच्या देखरेखीखाली नियमित मदत करणाराही. म्हणजे आपल्या घरी गठ्ठा ठेवणारा तो डॉक्टर सभासद की नाही, हाच वाद! यात मार्तोव जिंकला. मग बुंडचे पाच आणि आणखी दोन प्रतिनिधी वेगवेगळ्या कारणांनी उठून गेले आणि लेनिनकडे बहुमत आलं. म्हणून त्याचे ते बोल्शेविक (बहुमतवाले) आणि मार्तोवचे मेन्शेविक (अल्पमतवाले). त्याने इस्क्राचे सहा संपादक तीन करायचा ठराव मांडला, म्हणजे झासुलिच, ॲक्सेलरोद, पोत्रेसोव बाहेर. खरी कटुता इथे आली. मार्तोवने त्या तिघांच्या मंडळात बसायला नकार दिला. काही महिन्यांत प्लेखानोवने जुन्यांना परत घेतलं, लेनिन बाहेर पडला आणि इस्क्रा मेन्शेविकांकडे गेली. नोट्समध्ये हे "तात्त्विक मतभेद" म्हणून असेल. तात्त्विक होतेच, पण वर्तमानपत्र कुणाच्या हातात, हा प्रश्नही तेवढाच होता.

काळी_माती :

काकांचं वाचून मजा आली, पण चष्म्याला शाई लागली आहे. १८९७ च्या जनगणनेत रशियात शंभरातल्या एकवीस-बावीस लोकांना वाचता येत होतं. खेड्यात त्याहून कमी. ही सगळी इस्क्रा-बिस्क्रा वाचत होतं कोण?

आमचा परभणीकडचा शेतकरी पिंड, म्हणून मी जमिनीकडून बघतो. १८६१ मध्ये भूदास मुक्त झाले, पण आधी कसत होते त्यातली बरीच जमीन अनेक ठिकाणी मालकाने कापून घेतली. उरली तिची किंमत सरकारने मालकाला आगाऊ दिली आणि शेतकऱ्याकडून एकोणपन्नास वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायची ठरवली. हप्त्याला जबाबदार सगळं गाव. एकाने बुडवला तर शेजाऱ्याच्या डोक्यावर, म्हणून गाव कुणाला सहजी सोडू देईना. त्यात लोकसंख्या वाढत गेली, वाटणी बारीक होत गेली. १८९१-९२ ला व्होल्गाकाठी दुष्काळ, मागोमाग पटकी, लाखो माणसं मेली. सरकारने धान्याची निर्यात थांबवायला उशीर केला. मदतीला धावलेले डॉक्टर, जमीनदारांची पोरं, विद्यार्थी यांनी तेव्हा राज्य कसं चालतं ते डोळ्यांनी बघितलं. पुढे पक्षांत दिसणारे कितीतरी लोक त्या मदतकेंद्रांतून आलेत. १९०२ च्या वसंतात पोल्तावा आणि खारकोवच्या शेतकऱ्यांनी जमीनदारांची कोठारं फोडली. ती कुठला अग्रलेख वाचून नव्हे, भुकेने.

आणि शेवटचा हिशेब मतांचा. नोव्हेंबर १९१७ च्या घटनासमितीच्या निवडणुकीत सगळ्यात जास्त मतं सोशलिस्ट रिव्होल्युशनरींना, साधारण चाळीस टक्के. बोल्शेविक पाव हिश्श्याच्याही किंचित खाली. जमीन कसणाऱ्या गावाची, हे सांगणाऱ्यांना खेड्याने मत दिलं. सेमिनारमध्ये या सोशलिस्ट रिव्होल्युशनरी, म्हणजे एसआर, पक्षाला एक परिच्छेद देऊन उरकू नका, एवढंच सांगणं.

जुना_खिळेजुळारी :

चष्म्याला शाई आहेच, ती आता निघायची नाही. पण काळी_माती, वाचणारा एक आणि ऐकणारे वीस, हे आपल्याकडेही पारावर होतंच. एसआर खेड्यात पोचले ते कुणामुळे? गावचा शिक्षक, दवाखान्यातला मदतनीस, जिल्हा मंडळाचा आकडेमोड करणारा कारकून. वाचता येणारीच माणसं. जमिनीने राग दिला हे कबूलच आहे. पण तो राग १८६१ पासून होता, आणि शेतकऱ्यांचा देशभर पसरलेला संघ उभा राहिला १९०५ मध्ये. मधली चव्वेचाळीस वर्षं माझ्या बाजूची.

१९१७ च्या मतांबद्दल आणखी एक. उमेदवारांच्या याद्या ठरल्या तेव्हा एसआर पक्ष एक होता, मतदान होईस्तोवर डावे वेगळे झाले होते. शेतकऱ्याने नेमकं कुणाला मत दिलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. मतं होती, घडी नव्हती.

रानजाई, १९०५ राहिलंच होतं. ९ जानेवारीच्या रक्तरंजित रविवारचं सगळे लिहितात, तुम्ही सप्टेंबरचं लिहा. १९ सप्टेंबरला मॉस्कोत सितिनच्या मोठ्या छापखान्यातल्या जुळाऱ्यांनी संप केला. कामाचे तास कमी करा आणि हजार अक्षरांचा दर वाढवा. त्या हजारांत विरामचिन्हंही धरा! स्वल्पविराम जुळवायला अक्षराएवढाच वेळ लागतो, मोजताना मात्र तो धरत नाहीत. हे दुखणं आम्हा जुळाऱ्यांचं जगभर सारखंच. मॉस्कोचे बाकीचे छापखाने उठले, मग बेकरीवाले, ऑक्टोबरमध्ये रेल्वे. रेल्वे थांबली आणि देश थांबला. १३ ऑक्टोबरला पीटर्सबर्गच्या सोव्हिएतची, म्हणजे कामगार प्रतिनिधींच्या सभेची, पहिली बैठक, १७ ला झारने सही केलेला जाहीरनामा, त्यात निवडून आलेली दूमा (संसद) आणि नागरी हक्क. दोनच दिवसांत सोव्हिएतने ठरवलं की सेन्सॉरकडे प्रूफ पाठवणाऱ्या वर्तमानपत्राचे खिळे जुळारी जुळवणारच नाहीत. कायदा व्हायच्या आधी सेन्सॉरशिप मोडली ती जुळाऱ्यांनी, हात बांधून उभं राहून. सोव्हिएतचं पत्रक 'इझ्वेस्तिया' रात्री दुसऱ्यांच्याच छापखान्यांत शिरून काढायचे, एकदा तर कट्टर राजनिष्ठ 'नोवोये व्रेम्या'च्या यंत्रावर काढलं. डिसेंबरात सोव्हिएतला अटक झाली, मॉस्कोचा उठाव प्रेस्न्यात तोफांनी मोडला, आणि १९०७ च्या ३ जूनला पंतप्रधान स्तोलिपिनने दुसरी दूमा गुंडाळून मतदानाचे नियमच बदलले. तो काळ तुमच्या नोट्समध्ये नीट असेल.

रानजाई :

काका, काळी_माती, दोघांचेही खूप आभार. स्वल्पविरामाचा संप आमच्या सरांनाही माहीत नव्हता. एक विचारते : इतकं गुप्त होतं तर पोलीस दर वेळी पोचत कसे होते? ओखरानाचे, म्हणजे झारच्या गुप्त पोलिसांचे, हेर आत होते म्हणतात, ते किती वरपर्यंत?

जुना_खिळेजुळारी :

सगळ्यात वरपर्यंत. एसआरांचा 'रेवोल्युत्सिओनाया रोस्सिया'चा छापखाना सैबेरियात तोम्स्कला होता, १९०१ च्या सप्टेंबरात पकडला गेला. खबर देणाऱ्यांत होता येव्नो आझेफ. तो १८९३ पासून पोलिसांच्या पगारावर. हाच माणूस नंतर परदेशी जाऊन विखुरलेल्या गटांना एका पक्षात आणायच्या बोलण्यांत पुढे होता, आणि पुढे पक्षाच्या लढाऊ दलाचा प्रमुख झाला. १९०४ मध्ये त्याच्या हाताखालच्या साझोनोवने गृहमंत्री प्लेव्हेला बाँबने उडवलं, म्हणजे हेराने आपल्याच मालकाला उडवलं. १९०८ मध्ये क्रांतिकारकांतले हेर शोधून काढणाऱ्या बुर्त्सेवने त्याला उघडं पाडलं. पोलीस खात्याच्या माजी प्रमुखाने, लोपुखिनने, जर्मनीत आगगाडीच्या डब्यात बुर्त्सेवला दुजोरा दिला होता.

बोल्शेविकही सुटले नाहीत. चौथ्या दूमातला त्यांचा पुढारी मालिनोव्हस्की पोलिसांचा. त्यांचं दैनिक 'प्राव्दा' १९१२ च्या २२ एप्रिलला निघालं, लेनाच्या सोन्याच्या खाणीवर संपकऱ्यांवर गोळीबार झाला त्यानंतर अठरा दिवसांनी. तिचा एक संपादक चेर्नोमाझोव, तोही पोलिसांचा. प्राव्दा राजरोस निघायची, म्हणून अंकावर नाव घालायला वेगळा "संपादक" ठेवायचे. खटला झाला की तो तुरुंगात जाऊन बसायचा आणि खरा संपादक पुढचा अंक काढायचा. सरकारने बंद केलं की नाव जरा बदलून दुसऱ्या दिवशी हजर, असं आठ वेळा.

आणि देगायेव. नरोदनाया वोल्याचा ओदेसातला छापखाना चालवायचा. १८८२ च्या डिसेंबरात पकडला आणि फुटला. व्हेरा फिग्नर त्याच्यामुळे सापडली, वीस वर्षं श्लिसेलबुर्गला. मग साथीदारांनी त्याला गाठलं तेव्हा जीव वाचवायला त्याने पोलीस अधिकारी सुदेइकिनला स्वतःच्या घरी बोलावून मारण्यात मदत केली, आणि देश सोडला. पुढे अमेरिकेत नाव बदलून गणिताचा प्राध्यापक झाला, साउथ डकोटात, विद्यार्थ्यांचा लाडका.

पारनेरवाला :

थोडं आपल्या बाजूचं. १९०७-०८ मध्ये आमच्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, आणि बंगालचे हेमचंद्र कानुनगो पॅरिसला रशियन निर्वासित क्रांतिकारकांकडूनच बाँबची कृती शिकले. त्या कृतीच्या सायक्लोस्टाइल प्रती हिंदुस्थानात आल्या. १९०९ मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घराच्या झडतीत एक सापडली. आणि १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो संप केला, त्याबद्दल लेनिनने त्याच वर्षी लिहिलं होतं. काकांच्या हिशेबात हेही बसतंय. बाँबच्या आधी इथेही कागदच पोचला.

जुना_खिळेजुळारी :

सायक्लोस्टाइलला मी छपाई म्हणत नाही. पण चालेल.

तिरकस_तात्या :

चहा गार झाला, तरी वाचत बसलो. देगायेवचं वाचून एका शंकेचं निरसन झालं. आमच्या शाळेत गणिताच्या सरांना वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय ते न बघता कळायचं.